सात घरं फिरणारी मांजर आणि लशीच्या तारखा

दुपारची जेवणं उरकली असतील, भांडी व्हायची असतील. काम करता करता ऐकलंत तरी चालेल, पण आज जवळ एक कागद आणि पेन असू द्या. काही तारखा लिहून घ्यायच्या आहेत.

शेळ्यांच्या लशींबद्दल आपण या कार्यक्रमात बोललो आहोत. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस, कोंबड्यांना मानमोडीची लस, हे आता आपल्या गटांमधल्या बहुतेक जणींना पाठ झालं आहे. तारीख आली की पशुसखीला फोन जातो. पण घरातल्या एका जनावराचं नाव या यादीत नसतं. ते चुलीजवळ झोपतं, दुधाचं भांडं चाटतं आणि रात्रभर पोत्यांवर पहारा करतं. आज आपण मांजराच्या लसीकरणाबद्दल बोलू.

काही जणी म्हणतील, मांजराला कशाला लस? शेळी विकली तर पैसे येतात, कोंबडी अंडी देते, मांजर तर फुकटात आलेलं. खरंच आहे, मांजर बाजारात विकत नाही म्हणून त्याची किंमत आपण कधी मांडली नाही. पण ज्वारीचं पोतं उंदरानं कुरतडलं, बियाण्याच्या पिशवीला भोक पडलं, शेंगांच्या ढिगात लेंड्या सापडल्या, तर ते नुकसान आपण लगेच मोजतो. उंदीर खातो त्यापेक्षा जास्त धान्य मुतून आणि विष्ठेनं खराब करतो. घरात उंदीर वाढले की त्यांच्या मागावर साप येतो, हेही शेतावर राहणारीला सांगायला नको. हे सगळं थोडंफार आवरून धरणारं जनावर म्हणजे आपली मांजर.

आणखी एक कारण आहे, ते माणसांचं आहे. आमच्या भागातल्या एका गटात मागच्या पावसाळ्यात काय घडलं ते सांगतो. एका ताईंच्या घरी मांजरीनं चार पिल्लं दिली होती. दोन महिन्यांची, अंगणात उड्या मारणारी. एके दिवशी सकाळी एक पिल्लू मरून पडलेलं दिसलं. दुपारी दुसरं ओकायला लागलं, रात्री गेलं. तिसऱ्या दिवसापर्यंत तीन पिल्लं गेली. ताईंच्या घरात बोलणं सुरू झालं की कुणीतरी विष घातलं. आणि ‘कुणीतरी’ म्हणजे शेजारीण, कारण मांजरीनं आठवड्यापूर्वी तिच्या कोंबडीचं पिल्लू उचललं होतं. दोघी एकाच गटातल्या. त्या महिन्याच्या बैठकीत एक जण आली की दुसरी उठून जायची. हप्ते दुसऱ्यांच्या हाती पाठवले जायचे.

चौथं पिल्लू अर्धमेलं होतं. गटातल्या पशुसखीनं ते टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की लक्षणं विषाची वाटली तरी हा विषाणूचा आजार आहे, आणि लस दिलेली असती तर तो टाळता आला असता. शेजारणीनं काहीच केलं नव्हतं. दोघी आता बोलतात, पण त्या तीन आठवड्यांत जे शब्द तोंडातून गेले ते काही परत घेता येत नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं की या आजारांची माहिती सगळ्या गटांपर्यंत पोचवायची.

पहिला आजार : पिल्लांना झपाट्यानं नेणारा

या आजाराचं नाव जरा अवघड आहे, पॅनल्युकोपेनिया. काही डॉक्टर सोपं करून ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात, कारण कुत्र्यांच्या पार्व्होचा विषाणू आणि हा विषाणू एकाच घराण्यातले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. हा विषाणू त्या पेशी जिथे तयार होतात तिथेच घाव घालतो आणि आतड्याचं अस्तरही खराब करतो. राखणदार गेले, आतडं सोललं गेलं, मग पिल्लू किती तग धरणार?

लक्षणं अशी : पिल्लू एकदम मलूल होतं, कोपऱ्यात जाऊन बसतं, ताप येतो, खात नाही, ओकतं, पातळ जुलाब होतात, कधी त्यात रक्त असतं. एक खूण लक्षात ठेवा. पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, पण पाणी पीत नाही. काही पिल्लं तर एवढ्या झटपट जातात की आजारी कधी पडली हेही कळत नाही. म्हणूनच विषाचा संशय येतो.

हा विषाणू मारणारं औषध नाही. डॉक्टर सलाइन देतात, ओकारीचं औषध देतात, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शन देतात आणि पिल्लाच्या शरीराला झुंजायला वेळ मिळवून देतात. लवकर नेलं तर काही वाचतात, पण लस न घेतलेल्या लहान पिल्लांमध्ये मरणाऱ्यांची संख्या फार मोठी असते. माणसाला हा आजार होत नाही, तेवढी भीती मनातून काढून टाका.

आपल्याकडे म्हणतात की मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. जागा सुरक्षित वाटली नाही की मान तोंडात धरून दुसरीकडे नेते. आजच्या विषयात हे नीट समजून घ्यायला हवं, कारण मांजर सात घरं फिरली की आजारही सात घरं फिरतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेत, ओकारीत, लाळेत विषाणू असतो. तो आपल्या चपलांना लागतो, टोपलीला लागतो, पोत्याला लागतो. आणि तो चिवट आहे. घराच्या आत, सावलीच्या जागी तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. एका घरात आज पिल्लू गेलं आणि दोन महिन्यांनी दुसरीकडून नवं पिल्लू आणलं, तर तेही जाण्याची शक्यता असते. मग लोक म्हणतात, या घराला मांजर लाभत नाही. घराचा काही दोष नसतो, विषाणू अजून तिथेच असतो.

साफ करायचं तर फिनाईल वापरू नका. ते या विषाणूवर भरवशाचं नाही, आणि मांजराला विषारी आहे. मांजर पाय चाटतं आणि फिनाईल पोटात जातं. फरशी असेल तर आधी साबणाच्या पाण्यानं घाण धुऊन काढा, मग कपड्यांसाठी मिळणारं पातळ ब्लीच एक कप आणि पाणी साधारण तीस कप असं मिश्रण करून दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्यानं धुवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पिल्लांच्या अंगाखालचं पोतं, चिंध्या जाळून टाका. सारवलेल्या जमिनीवर मात्र ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही, कारण मातीत आणि शेणात त्याची ताकद संपते. अशा घरात नवं पिल्लू आणायचं तर लशी पूर्ण झालेलंच आणा.

दुसरा आजार : शिंका आणि चिकटलेले डोळे

डोळ्यांना चिपडं आलेली, नाक वाहणारी, सारखी शिंकणारी पिल्लं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ‘गारठली असतील’ म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा ही मांजरांची सर्दी असते आणि तिच्यामागे मुख्यतः दोन विषाणू असतात, एक हर्पिस आणि दुसरा कॅलिसी. हर्पिस डोळ्यांवर आणि नाकावर जोर धरतो, वेळेवर उपचार झाले नाहीत तर डोळा कायमचा जाऊ शकतो. कॅलिसीमुळे जिभेवर आणि तोंडात फोड येतात.

मांजर वासावर जेवतं. नाक बंद झालं की त्याला वास येत नाही, वास नाही म्हणून ते खात नाही, आणि न खाल्ल्यानं खंगत जातं. अशा वेळी सुकट घालून केलेला कोमट, वासाचा भात पुढे ठेवला तर दोन घास खाल्ले जातात. ओल्या कापसानं डोळे आणि नाक पुसावं. पण डोळ्याचं औषध मात्र डॉक्टरांनाच विचारून घालावं. घरात कुणाचं तरी उरलेलं डोळ्याचं औषध पिल्लाच्या डोळ्यात घालू नये, त्यानं जखम वाढू शकते.

बरं झालेलं मांजरही हा विषाणू अंगात बाळगून राहू शकतं. हर्पिस तर जन्मभर मुक्काम ठोकतो आणि मांजर व्यायलं, घर बदललं, उपाशी राहिलं की पुन्हा डोकं वर काढतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या दोन विषाणूंची लस घेतल्यावर सर्दी कधीच होणार नाही असं नाही. झाली तरी हलकी होते, जिवावर बेतत नाही. लस घेतलेलं मांजर शिंकलं म्हणून ‘लस खोटी’ असं म्हणू नका.

पहिला आजार आणि हे दोन विषाणू, या तिघांवर मिळून एकच इंजेक्शन येतं. बऱ्याच दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत ते ‘ट्रायकॅट’ या नावानं ओळखलं जातं. तुम्ही ‘मांजराची तीन रोगांची लस’ म्हणालात तरी डॉक्टरांना कळेल.

तिसरा आजार : रेबीज

रेबीज म्हटलं की पिसाळलेलं कुत्रं डोळ्यांपुढे येतं. आपल्या देशात माणसांना रेबीज होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच, हे खरं. पण मांजरालाही रेबीज होतो आणि मांजर तो माणसाला देऊ शकतं. पिसाळलेल्या कुत्र्यानं किंवा मुंगसानं मांजराला चावा घेतला, की ते मांजर रात्री आपल्याच घरात, लेकरांच्या गोधडीत येऊन झोपतं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय राहत नाही, मांजराचं असो की माणसाचं. लस मात्र शंभराहून अधिक वर्षांपासून आहे. लुई पाश्चर यांनी १८८५ साली कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ती दिली आणि तो मुलगा वाचला. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन, तो जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमाराला अनेक ठिकाणी जनावरांना रेबीजची लस देण्याची शिबिरं होतात, चौकशी करून ठेवा.

मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची, तेल काहीही भरायचं नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच गेला, आता दंडात चार-पाच वेळा घ्यावी लागतात. चावा खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं औषधही असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मांजर दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं, पण दहा दिवस वाट बघू आणि मग जाऊ, असं करायचं नाही. आधी लस सुरू, मग मांजरावर लक्ष. मांजराला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवायचंच, फक्त मांजराचं लशीचं कार्ड सोबत न्यायचं.

एकच इंजेक्शन का पुरत नाही

आता येते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ जणी पिल्लाला एकदा टोचून आणतात आणि काम झालं असं समजतात. मग पिल्लू आजारी पडलं की लशीवरचा विश्वासच जातो. असं का होतं ते समजून घेऊ.

गाय व्याली की पहिले एक-दोन दिवस चीक येतो. त्याचा आपण खरवस करतो, पण वासराचा वाटा आधी देतो, कारण चिकातून वासराला आईची रोगांशी लढायची ताकद मिळते. मांजरीचंही तसंच. जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या आत पिल्लानं आईचं दूध ओढलं की आईची ताकद त्याच्या अंगात जाते. ती उसनी ताकद काही आठवडे पिल्लाला सांभाळते आणि मग हळूहळू ओसरते.

पण ही उसनी ताकद अंगात असेपर्यंत लस काम करत नाही. लस अंगात गेली की आईकडून आलेली ताकद तिलाही शत्रू समजून हाणून पाडते. हंड्यावर झाकण असताना पाऊस पडला तर हंडा भरत नाही, तसंच. झाकण निघालं आणि मग पाऊस आला तरच हंड्यात पाणी साठतं. अडचण अशी की हे झाकण प्रत्येक पिल्लाचं वेगवेगळ्या वेळी निघतं. एकाच्या अंगातली आईची ताकद आठ आठवड्यांत संपते, दुसऱ्याची सोळा आठवड्यांपर्यंत राहते. एकाच वेताच्या पिल्लांमध्येही फरक असतो. बाहेरून बघून ते कळत नाही.

म्हणून डॉक्टर थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा लस देतात. झाकण ज्या दिवशी निघेल त्यानंतर लवकरच एक तरी पाऊस पडावा, एवढाच त्यामागचा हेतू. पहिली लस लागू पडली नसेल तर दुसरी लागू पडेल, दुसरी नाही तर तिसरी. सोळा आठवड्यांनंतरची लस सगळ्यात जास्त भरवशाची, आणि नेमकी तीच आपण चुकवतो, कारण तोवर पिल्लू दांडगं झालेलं असतं आणि ‘आता याला काय होतंय’ असं वाटायला लागतं.

आता तारखा लिहून घ्या.

पिल्लू दोन महिन्यांचं झालं की तीन रोगांची पहिली लस.
तीन महिन्यांचं झालं की तीच लस दुसऱ्यांदा, आणि रेबीजची पहिली लस.
चार महिने पूर्ण झाल्यावर तीन रोगांची लस तिसऱ्यांदा.
त्यानंतर सहा महिन्यांचं झाल्यावर किंवा वर्षाचं होईपर्यंत, डॉक्टर सांगतील तेव्हा, तीन रोगांची लस पुन्हा एकदा.
रेबीजची लस पहिल्या लशीनंतर एका वर्षानं, आणि आपल्याकडे दर वर्षी.

तीन रोगांची लस पुढे दर वर्षी की तीन वर्षांनी, हे मांजर किती बाहेर फिरतं ते पाहून डॉक्टर ठरवतील. रेबीजची लस आणखी एकदा लवकर घ्यायला सांगितली तर तीही घ्या. मोठ्या मांजराला आजवर कधीच लस दिली नसेल तर उशीर झाला असं समजू नका. त्याच्या अंगात आईची ताकद आता नसते, म्हणून त्याला तीन रोगांची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा आणि रेबीजची एकदा पुरते. त्यानंतर एका वर्षानं पुन्हा.

पिल्लाचा जन्मदिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. ग्रामसंघाच्या बैठकीची तारीख लिहिता, तसंच.

नेण्याआधी आणि आणल्यावर

ताप, जुलाब, ओकारी असलेल्या मांजराला लस देत नाहीत, आधी बरं करतात. पोटात जंत असतील तर तेही आधी काढून घ्यावेत. जंताचं औषध वजनावर असतं, शेळीचं औषध अंदाजानं पाजू नका. पिसवा असतील तर कुत्र्यांसाठीचं औषध मांजराच्या अंगावर टाकू नका, त्यातली काही औषधं मांजराला मारक असतात. मांजर गाभण असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. तीन रोगांची नेहमीची लस गाभणपणात देत नाहीत, कारण पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते.

मांजराला दवाखान्यात नेणं हेच मोठं काम, हे आम्हाला माहीत आहे. हातात धरून गाडीवर नेऊ नका, हॉर्न वाजला की ते सुटतं. टोमॅटोचे दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधले की चांगला पिंजरा होतो. आत जुनी साडी घाला, वरून कापड टाका, अंधार असला की मांजर शांत राहतं. दोन दिवस आधीपासून कॅरेट घरात उघडा ठेवा, आत थोडं खायला ठेवा, म्हणजे भीती जाते. निघण्याच्या दोन-तीन तास आधी पोटभर खायला देऊ नका, वाटेत ओकतं.

लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आसपासच थांबा. तोंड सुजलं, धाप लागली, लगेच ओकाऱ्या सुरू झाल्या तर तिथल्या तिथे इलाज करता येतो. असं क्वचितच होतं. एरवी एक-दोन दिवस मांजर सुस्त राहतं, कमी खातं, टोचल्या जागी थोडी सूज येते, ते आपोआप जातं. सुजेची गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली किंवा महिन्यानंतरही वाढत गेली तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हे ठळक अक्षरांत लिहा : ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. आपल्या लेकरांना आपण जी गोळी सहज देतो, तिचा एक तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो.

गटानं काय करता येईल

२०२२ साली लम्पी आला तेव्हा आपण पाहिलं, गावानं मिळून जनावरं एका जागी आणली आणि लसीकरण भराभर झालं. बुळकांडीनं एके काळी गोठेच्या गोठे रिकामे केले. लसीकरणामुळे ती २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. एकट्यानं लस घेतल्यावर एक जनावर वाचतं, सगळ्यांनी घेतली की आजाराला जायला घरच उरत नाही. सात घरं फिरणाऱ्या मांजरासाठी तर सातही घरांनी एकत्र यायला हवं.

आमच्या भागातल्या गटांनी सुरुवात वहीपासून केली. प्रत्येक घरात किती मांजरं, किती पिल्लं, जन्म कधीचा, कोणती लस झाली, एवढंच लिहायचं. जी मांजर कुणाचीच नाही पण चार घरी दूध पिते, ती त्या चार घरांच्या नावावर मांडली. मग तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलून एक दिवस ठरवला. लशीला दोन ते आठ अंश थंडी लागते. पोलिओचे डोस यायचे तसा बर्फाचा डबा हवा, म्हणून दुकानातून लस आणून पर्समध्ये ठेवायची नाही. रेबीजच्या लशीची जास्त मात्रांची बाटलीही मिळते, पण उघडली की ती फार काळ ठेवता येत नाही. दहा मांजरं एकाच दिवशी आली तर बाटली वाया जात नाही आणि खर्च वाटला जातो. लशीचे दर गावागणिक वेगळे असतात, सरकारी दवाखान्यात कोणती लस कधी मिळते तेही आधी विचारावं लागतं. हे विचारण्याचं काम एकीनं केलं की दहा जणींच्या फेऱ्या वाचतात. ज्या घराला एकदम पैसे देणं जमत नाही, त्यांच्यासाठी महिन्याला थोडे थोडे जमा करायची सोय गटात करता येते.

त्याच दिवशी मांजरीच्या नसबंदीबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्या. वर्षात दोन-तीन वेळा व्यायलेल्या मांजरीची सगळी पिल्लं टोचून घेणं कुणालाच झेपणार नाही. पिल्लं कमी असली तर प्रत्येकाला तीनही लशी मिळतात.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरात पिल्लू असेल तर ते किती आठवड्यांचं आहे ते मोजा आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा. शेजारणीकडे पिल्लू असेल तर तिला ही तारीख सांगा. आणि कुणाच्या घरी पिल्लं एकाएकी मरायला लागली तर कुणावर बोट दाखवण्याआधी एक पिल्लू डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वेळी आपण पावसाळ्यात कोंबड्यांचं खुराडं कोरडं कसं ठेवायचं ते बघू. तुमचे प्रश्न गटाच्या बैठकीत लिहून द्या. तोवर नमस्कार!